हलकं आणि परवडणारं बेस हेड घेतलंय? पहिल्या दिवशी ते नीट पारखायचं कसं

बेस गिटार वाजवणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांत एक फार चांगली गोष्ट झालीये, ती म्हणजे एक किलोच्या आसपास वजनाची, २०० वॉटची छोटी हेड्स (स्पीकर नसलेले नुसते अँप्लिफायर) आली, गिटार बॅगेच्या पुढच्या खिशात जातील एवढी. वॉरविकचं नोम, ट्रेस एलियटचं एल्फ, टीसी इलेक्ट्रॉनिकचं बॅम २०० ही त्यातली ओळखीची नावं. एल्फ तर पाऊण किलोच्या आसपास आहे. माझ्याकडेही या वर्गातलं एक हेड आलंय आणि मला ते मनापासून आवडलंय, पण हे लिहायचं कारण वेगळं आहे. बॉक्स उघडल्यावर पहिल्या तासात आपलं जे मत बनतं ना, ते बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीवरून बनतं. घरी दार लावून एकट्याने हळू आवाजात वाजवलं की जवळजवळ कुठलंही हेड गोड वाटतं, आणि तेच हेड ड्रमरशेजारी ठेवलं की कळतं त्याच्यात किती दम आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी, रिटर्नची मुदत हातात असताना, काय क्रमाने तपासायचं ते सांगतो.

आधी वजन गेलं कुठे ते समजून घ्या

"एवढंसं आहे, आवाज काय येणार" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, घरचे तर विचारतातच. एम्पेगने १९६९ साली एसव्हीटी काढला, ३०० वॉटचा ट्यूब अँप (जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा), त्याचं नुसतं हेड ३५ किलोच्या वर, उचलायला दोन माणसं लागायची. ते वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचं आणि तांब्याचं. भिंतीतली वीज ५० हर्ट्झची असते आणि इतक्या कमी फ्रिक्वेन्सीवर जास्त पॉवर द्यायची तर ट्रान्सफॉर्मर मोठाच लागतो. हलक्या हेडमध्ये स्विच मोड पॉवर सप्लाय असतो, तो आधी विजेला हजारो हर्ट्झवर नेतो आणि मग छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून काढतो. पुढे पॉवर अँप क्लास डी, म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असे अतिशय वेगाने बदलत राहतात, मधल्या अर्धवट अवस्थेत जी वीज उष्णता होऊन वाया जायची ती फारशी जात नाही, जवळपास ९० टक्के पॉवर स्पीकरकडे पोचते. उष्णता कमी म्हणजे ॲल्युमिनियमचा मोठा हीटसिंकही नको. वजन गेलं ते इथे, आणि वॉट खोटे नाहीत, फक्त ते कधी आणि कुठे मिळतात ते बघायला लागतं, त्यावर खाली येतोच.

प्लग लावायच्या आधी

मागचं लेबल वाचा. २३० व्होल्ट लिहिलंय का? काही हेड्स १०० ते २४० व्होल्ट कुठेही चालतात, काहींना मागे छोटा स्विच असतो, आणि काही फक्त त्या त्या देशासाठीच बनलेली असतात. अमेरिकेतून कोणी नातेवाईक घेऊन येणार असेल तर हे आधी विचारून घ्या, १२० व्होल्टचं हेड आपल्या बोर्डात लावलं की पहिलं इम्प्रेशन तिथेच संपेल. वॉरंटीचंही विचारा, कारण बाहेरून आणलेल्या मालाला इथे बऱ्याचदा ती लागू होत नाही.

मग पॉवर कॉर्ड. बॉक्समध्ये अनेकदा जाड गोल युरोपियन दोन पिनवाली कॉर्ड निघते. ती आपल्या एक्स्टेंशन बोर्डात दाबून बसवता येते खरी, पण तिचा अर्थिंगचा पट्टा कशालाच टेकत नाही, म्हणजे हेड बिनाअर्थिंगचं चालतं. हे अजिबात करू नका. बहुतेक हेड्सना मागे कॉम्प्युटरसारखंच सॉकेट असतं, तेव्हा डेस्कटॉपची चांगली तीन पिनवाली कॉर्ड लावा, काम झालं. अर्थिंगबद्दल मी जरा जास्तच बोलतो, पण बेसच्या तारा हेडच्या बॉडीमार्फत अर्थला जोडलेल्या असतात, आणि तुम्ही वाजवता वाजवता ओठ माईकला लावून गात असाल तर माईक दुसऱ्या बोर्डावरून, दुसऱ्या फेजवरून आलेला असू शकतो. मंडपात, हॉलमध्ये, जनरेटरवर हे नेहमीचं आहे. साधा मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला एक टोक माईकच्या जाळीला. एखाद-दोन व्होल्टच्या वर काही दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग वाजवा. अर्थची पिन तोडून हम (स्पीकरमधून येणारी विजेची घुंऽऽ) घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो माणूस कितीही सिनियर असला तरी.

आता कॅबिनेट, म्हणजे हेडला जोडायची स्पीकरची पेटी. तिच्या मागे ८ ओहम किंवा ४ ओहम लिहिलेलं असेल, ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो ते. हेडवर "किमान ४ ओहम" असं असेल तर त्याचा अर्थ ८ चं एक चालेल, ४ चं एक चालेल, ८ ची दोन एकत्र जोडली तर मिळून ४ होतात तेही चालेल, पण ४ ची दोन जोडली की २ होतात, ते चालणार नाही, हेड गरम होऊन बंद पडेल नाहीतर कायमचं जाईल. इलेक्ट्रिक गिटारचं कॅबिनेट बेसला जोरात वापरू नका, त्या स्पीकरचे कोन खालच्या सुरांना लागते तेवढी हालचाल सहन करायला बनवलेले नसतात. घरातल्या म्युझिक सिस्टीमचे स्पीकर तर नकोच नको.

आणि हेड ते कॅबिनेट जी केबल लागते ती स्पीकर केबल. बेस ते हेड लागते ती इन्स्ट्रुमेंट केबल. दोन्हींना सारखाच जॅक असू शकतो म्हणून गोंधळ होतो. जॅकचं झाकण फिरवून उघडून बघा, आत दोन सारख्याच जाडीच्या वायर असतील तर स्पीकर केबल, आणि मध्ये एक बारीक वायर नि तिच्याभोवती जाळी असेल तर इन्स्ट्रुमेंट केबल. बारीक वायरमधून २०० वॉट पाठवले की ती तापते. हेडला आणि कॅबिनेटला दोन्हीकडे स्पीकॉन (स्पीकरसाठीचा खास कनेक्टर) असेल तर तोच वापरा, फिरवून लॉक होतो, कोणाच्या पायात अडकून निघत नाही.

एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा, क्लास डी हेडच्या स्पीकर आउटपुटच्या दोन्ही टोकांवर बऱ्याचदा सिग्नल असतो, म्हणजे त्यातलं कुठलंच टोक ग्राउंड नसतं. त्यामुळे स्पीकर आउटमधून मिक्सरमध्ये, रेकॉर्डिंगच्या इंटरफेसमध्ये किंवा हेडफोनमध्ये काहीही जोडायचं नाही. त्यासाठी डीआय आउट (मिक्सरला सिग्नल द्यायचं सॉकेट) आणि काही हेड्सना हेडफोन आउट वेगळे दिलेले असतात.

पहिल्यांदा चालू करताना

कॅबिनेट आधी जोडा, मग बेस, गेन (बेसमधून येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) आणि व्हॉल्यूम दोन्ही शून्यावर, मग स्विच. बंद करताना उलट, आधी व्हॉल्यूम खाली. ट्रान्झिस्टरवाल्या हेडला स्पीकर न जोडता चालू केलं तरी सहसा काही होत नाही, म्हणून हेडफोन आउट असेल तर रात्री नुसत्या हेडफोनवर प्रॅक्टिस करता येते आणि हा मोठा फायदा आहे, पण ज्यांच्याकडे आधी ट्यूब अँप होता त्यांनी आपली सवय मोडू नये, ट्यूबला स्पीकर जोडलेलाच लागतो.

बेस न वाजवता व्हॉल्यूम अर्ध्यावर न्या आणि ऐका. थोडी हिस (सूंऽऽ असा बारीक आवाज) येणारच, विशेषतः कॅबिनेटला ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर. पण घुंऽऽ असा हम येतोय का? येत असेल तर बेसची केबल काढा. हम गेला तर दोष बेसमध्ये, केबलमध्ये किंवा जवळच्या डिमर नाहीतर ट्यूबलाइटमध्ये आहे, हेडमध्ये नाही. केबल काढूनही राहिला तर दुसऱ्या खोलीतल्या, वेगळ्या लाइनच्या बोर्डावर लावून बघा. तिथेही राहिला तर मात्र हेड परत द्यायचं मनात धरा. फॅनचा आवाजही आत्ताच ऐका, स्टेजवर तो कोणाला ऐकू येत नाही, पण घरी रेकॉर्डिंग करणार असाल तर माईकमध्ये येऊ शकतो. फॅनची जाळी भिंतीला किंवा पडद्याला चिकटू देऊ नका.

गेन, आणि मग बेसचा नॉब

सगळे टोन नॉब मधोमध, बारा वाजल्याच्या जागी. बेस गिटारचे नॉब पूर्ण उघडे. जितकं जोरात वाजवता तितकं जोरात वाजवा, गुळगुळीत नको, स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवणं) करत असाल तर स्लॅपच, आणि गेन हळूहळू वाढवा. क्लिपचा (सिग्नल फाटतोय हे दाखवणारा) दिवा असेल तर तो अगदी जोराच्या फटक्याला जरासा लुकलुकेल तिथे थांबा. दिवा नसेल तर कानाने, आवाज फाटायला लागला की थोडं मागे. ॲक्टिव्ह बेस, म्हणजे ज्यात बॅटरी असते, त्याचा सिग्नल जोरदार असतो, तिथे गेन कमीच लागेल. मग व्हॉल्यूमने मोठेपणा ठरवा. गेन कमी आणि व्हॉल्यूम फुल अशी सवय लावली की हिस वाढते आणि मग लोक म्हणतात हेडच खराब.

आता जे सांगतो ते या सगळ्यातलं माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. हात आपोआप बेसच्या नॉबकडे जातो, खोलीत घुमणारा आवाज आला की बरं वाटतं. पण बेस ३ डेसिबलने वाढवला की त्या सुरांसाठी हेडला दुप्पट पॉवर लागते, ६ डेसिबल वाढवला की चौपट. २०० वॉटच्या हेडवर तुम्ही बेस खूप वर नेला की आहे ती सगळी पॉवर तळातल्या घुमण्यात संपते, वरचे सूर ज्यांच्यामुळे तुम्ही बँडमध्ये ऐकू येता त्यांच्या वाट्याला काही राहत नाही, आणि लिमिटर (हेडला जास्त ताण पडू न देणारं सर्किट) आवाज दाबायला लागतो. खालची ई तार ४१ हर्ट्झवर असते, पाच तारांच्या बेसची बी तर ३१ वर. बरीच छोटी कॅबिनेट्स ४१ हर्ट्झ धड देतच नाहीत, आपल्या कानाला त्याच सुराचे वरचे भाग, ८२, १२३, ऐकू येतात आणि मेंदू त्यातून खालचा सूर जोडून घेतो. म्हणून उलटं करून बघा, बेसचा नॉब जरा खाली आणि मिड जरा वर. एकट्याने ऐकताना हा आवाज नाकातला, कोरडा वाटेल. वाटू द्या. याचा निकाल घरी लावायचा नाहीये.

अजून एक, कॅबिनेट खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं असेल तर बाहेर काढा, कोपरा बेस फुगवतो आणि तुम्ही हेडऐवजी खोलीला मार्क देऊन बसता. कॅबिनेट खुर्चीवर किंवा क्रेटवर उचला, नाहीतर मिडचा सगळा आवाज गुडघ्यांना लागतो आणि कानाला नुसता गोळा ऐकू येतो. दोन-तीन मीटर लांब उभं राहून ऐका.

ड्रमरसोबत

हीच खरी परीक्षा, त्यामुळे पहिल्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जॅमरूमचा एक तास बुक करा, पैसे गेले तरी चालतील. ड्रमर हवाच, आणि जमलं तर एक गिटारवाला. तिथे तीन गोष्टी वाजवा. खालची ई धरून ठेवा, चार-पाच सेकंद, मोठ्या आवाजात, आणि ऐका की सूर समान राहतो की सुरुवातीला धप्प करून मग एकदम बारीक होतो. होत असेल तर पॉवर सप्लायची सीमा आली किंवा लिमिटर बसला. मग साधा एकसुरी आठचा पॅटर्न, किक ड्रमच्या बरोबर, दोन-तीन मिनिटं सलग. बोटांचा फटका ऐकू येतो का, की नुसती गडगड? आणि मग वरच्या पोझिशनवर, डी आणि जी तारेवर काही सुरेल, तिथे आवाज अंगाने भरलेला राहतो का. मधेच बेस तुमच्या मित्राच्या हातात द्या आणि तुम्ही दाराजवळ जाऊन ऐका, हेडशेजारी उभं राहून मत बनवू नका.

माझं पहिलं मत सांगायचं तर, या वर्गातली हेड्स स्वच्छ आणि चपळ वाटतात, बोटाचा हलका-जड फरक छान दिसतो, स्लॅपला तर मजा येते. ट्यूब अँपला जोर दिला की जो थोडा दाटपणा येतो तो इथे नाही, तो हवा असेल तर प्रीअँप पेडल पुढे लावा, या हेड्सबरोबर पेडल छान जमतं. पाच तारांच्या बीवर मोठ्या आवाजात लांब सूर धरला की मात्र माझं हेड जरा दमतं. जॅमरूममध्ये, कॅफेत, छोट्या हॉलमध्ये, चर्चमधल्या क्वायरबरोबर पुरून उरतं. जोरात वाजवणारा ड्रमर, दोन गिटार आणि पीए (लोकांसाठीची मोठी साऊंड सिस्टीम) नाही, अशा ठिकाणी ८ ओहमच्या एका कॅबिनेटवर कमी पडतं, आणि त्याचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०० वॉट हा आकडा ४ ओहमचा. ८ ओहमवर साधारण निम्मे ते दोन-तृतीयांश मिळतात, एल्फचाच कंपनीने दिलेला आकडा ८ ओहमला १३० आहे.

म्हणून कमी पडलं की लगेच ३०० वॉटचं हेड शोधू नका. २०० वरून ३०० म्हणजे दोन डेसिबलपेक्षाही कमी फरक, कानाला जेमतेम कळेल. त्याऐवजी तसलंच ८ ओहमचं दुसरं कॅबिनेट जोडा, हेडला ४ ओहम मिळतात, पॉवर वाढते, हवा ढकलणारा कोन दुप्पट होतो, दोन्ही मिळून ५-६ डेसिबलपर्यंत फायदा. किंवा कॅबिनेट घेतानाच त्याची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरवर किती आवाज देतं ते) बघा, ९५ डेसिबलवाल्यापेक्षा ९८ वालं निम्म्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज देतं. हेडवर वाचवलेले पैसे कॅबिनेटवर घालवा हे मी प्रत्येकाला सांगतो. दुकानात जाऊन ऐकायची सोय असेल, मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजसारखी जुनी दुकानं आहेत, तर स्वतःचा बेस घेऊन जा आणि एकच हेड दोन-तीन कॅबिनेट्सना लावून ऐका, दहा मिनिटांत पटेल.

डीआय आउट, म्हणजे स्टेजवरचं खरं काम

गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो, गोव्यातलं लग्न असो की कॉलेजचा फेस्ट, मोठ्या जागी लोकांपर्यंत आवाज पीए नेतो. तिथे तुमचं हेड फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावं यासाठी असतं, आणि त्या कामाला २०० वॉट भरपूर. त्यामुळे मागचा डीआय आउट कसा आहे हे मला वॉटपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मिक्सरला जोडा आणि तपासा, हेडचा व्हॉल्यूम फिरवला की मिक्सरमधली लेव्हल हलते का? हलत असेल तर गाणं चालू असताना स्टेजवर स्वतःचा आवाज वाढवायचा नाही, समोरही वाढेल आणि साऊंडवाला वैतागेल. टोन फिरवला की मिक्सरमधला टोन बदलतो का? बदलत असेल तर खोलीसाठी कापलेला बेस समोरूनही कापला जाईल, हे साऊंडवाल्याला आधीच सांगून ठेवा. हम आला तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते यासाठीच असतं आणि ते सुरक्षित आहे, अर्थची पिन काढण्याशी त्याचा संबंध नाही. आणि त्या चॅनेलचा फँटम पॉवर (मिक्सर माईकसाठी केबलमधून पाठवतो ती वीज) बंद ठेवायला सांगा.

या छोट्या हेड्सवर बऱ्याच गोष्टी नसतात, म्यूटचं बटण, ट्यूनर आउट, इफेक्ट लूप यातलं काही ना काही गायब असतं. एक ट्यूनर पेडल आधी लावलंत तर ट्यूनिंगही होतं आणि म्यूटही, दोन प्रश्न एकदम सुटतात.

ठेवायचं की परत द्यायचं

ऑनलाइन घेतलं असेल तर बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा, जीएसटीचं बिल जपून ठेवा, आतला थर्माकोल मुदत संपेपर्यंत टाकू नका. परत द्यायची कारणं माझ्या हिशेबाने एवढीच. बेसची केबल काढूनही न जाणारा हम. नॉब फिरवताना खरखर. जॅक हलवला की आवाज तुटतो. तासभर वाजवल्यावर, फॅनची जाळी मोकळी असताना आणि ओहम बरोबर असतानाही हेड आपोआप बंद होतं. डीआयमधून आवाज येत नाही किंवा फाटका येतो. यातलं काहीही दिसलं तर घरी पेचकस घेऊन बसू नका, झाकण उघडलं की वॉरंटी गेली आणि शिवाय आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही काही वेळ जोरदार व्होल्टेज असतं. आवाज मनासारखा जाड नाही, हे कारण मात्र दुसरं कॅबिनेट लावून बघितल्याशिवाय धरू नका.

ठेवायचं ठरलं की एक छोटी पाऊच करा, त्यात हेड, तीन पिनवाली कॉर्ड, स्पीकर केबल एक जास्तीची, डीआय मिक्सरला जोडायची एक्सएलआर केबल तुमची स्वतःची, आणि ६ अँपियर ते १६ अँपियर बदलणारा चांगल्या कंपनीचा कन्व्हर्टर, कारण हॉलमध्ये नेमकं मोठंच सॉकेट मोकळं असतं. पावसाळ्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका आणि लोकलमधून भिजून आलात तर हेड लगेच चालू करू नका, अर्धा तास तरी कोरड्या जागी उघडं ठेवा.